घोयऱ्याची चाल

बैल चालतो तेव्हा आधी मागचा पाय पडतो आणि मग त्याच बाजूचा पुढचा पाय उचलला जातो. हे मी आजवर इतक्या मुलांना सांगितलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरी दर वर्षी नवी मुलं येतात, हात जमिनीला टेकवून बैल होतात आणि रांगत्या बाळासारखा उजवा हात न् डावा गुडघा एकदम पुढे टाकतात. ही सगळी वऱ्हाडातली मुलं. पण त्यांचा पहिला बैल म्हणजे तान्ह्या पोळ्याचा, चार चाकांवर उभा केलेला लाकडी नंदी. दोरी धरून ओढला की गडगडत मागे येणारा. चाकांवरच्या बैलाला कुठला पाय आधी आणि कुठला नंतर हा प्रश्नच नसतो. त्यामुळे खरा बैल रोज दारावरून जात असला तरी त्याचे पाय कोणी पाहिलेले नसतात.

मी चुकीची चाल खपवून घेत नाही. मूल कितीही गोड असो, त्याची आई झाडाखाली उभी राहून मोबाईलवर फोटो काढत असो, चाल चुकली की मी थांबवते आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. शाळेत विज्ञान शिकवलं तेही असंच. माझ्या माघारी मुलं मला काय म्हणत ते मला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. गोड बोलायचं खातं आमच्या घरी सरांकडे होतं.

सर म्हणजे माझे यजमान. आम्ही अमरावतीच्या एकाच शाळेत नोकरी केली. शाळेत सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले आणि मग घरीही तेच तोंडात बसलं. ते मला चारचौघांत मॅडम म्हणत आणि घरात, माझा पारा चढला असेल तेव्हाही, मॅडमच म्हणत. निवृत्त झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी शिबिर घ्यायचं हे त्यांच्या डोक्यातून निघालं. पोहऱ्याच्या जंगलाच्या अलीकडे एका स्नेह्यांची संत्र्याची बाग आहे, तिच्या बाजूला थोडं पडीत आहे, कडुलिंबाची दोन मोठी झाडं आहेत. सकाळी मुलांना गाडीनं न्यायचं आणि दिवस कलला की घरी पोचवायचं. मुलं बहुतेक शहरातली, एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला ऑटोनं जाणारी. शिवाय सुट्टीत मामाकडे आलेली भाचरं असत, कोणी अकोल्याचं, कोणी खेड्यातलं.

शिबिरात प्राण्यांची नावं पाठ करून घ्यायची नाहीत, असं सरांनी पहिल्याच वर्षी ठरवलं. आधी प्राण्यासारखं चालून दाखवायचं, मग त्याचं नाव घ्यायचं. त्यासाठी त्यांनी एक खेळ बसवला. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की घेऊन जमिनीवर एक मोठं रिंगण आखायचं. मुलांनी रेषेच्या बाहेर बसायचं. जो रिंगणात शिरला तो प्राणी. तो चालत असेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही आणि रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. तो थांबला की हात वर करायचे आणि कोण ते ओळखायचं. नियम एवढेच. पण सरांचं त्यावर फार बारीक लक्ष असे. कोणी "चल ना लवकर" असं म्हटलं की ते ओठांवर बोट ठेवत. "जनावर आपल्या टायमानं चालते," ते म्हणत. "त्याले आपली बस पकडाची नाई राहत."

स्वतः सर रिंगणात शिरले की बघत राहावं. उंच, काटकुळा माणूस, पण कमरेतून असा वाकायचा की क्षणात त्याचा बगळा व्हायचा. मांजर करताना मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात ठेवायचे. साप तेवढा करत नसत, धोतराचा काळ गेला आणि पँट मॅडमना धुवावी लागते, असं मुलांना सांगत. मी बाहेर उभी राहून त्यांच्याही चुका काढायची. त्या क्वचितच सापडत.

मला पहिल्यांदा दिसलं ते त्यांच्या चालण्यातच. एका सकाळी आम्ही फिरायला निघालो होतो. ते थोडे पुढे होते आणि मागून मला दिसलं की त्यांचा डावा हात हलत नाही. उजवा नेहमीसारखा पुढेमागे जात होता आणि डावा टांगून ठेवलेल्या पिशवीसारखा अंगाला लागून होता. माणसाचा पाय पुढे जातो तेव्हा उलट बाजूचा हात पुढे जातो, हे आम्ही दोघांनी जन्मभर फळ्यावर काढून दाखवलं. मी म्हटलं, "हात हालवा ना." ते म्हणाले, "हालवूनच राह्यलो." त्यांना हात हलत नाही हे कळतच नव्हतं.

मग काही महिन्यांनी तोच हात हलायला लागला, पण भलत्याच वेळी. बसल्या बसल्या अंगठा पहिल्या बोटावर घासायचा, सारखा, हातात काही नसताना. तळहातावर चुना-तंबाखू मळतात ना, अगदी तसा. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ एकदा फाटकाशी थांबले आणि हसून म्हणाले, "जयभीम सर. हे कधीपासून लागलं बाप्पा तुमाले?" सरांनी शाळेत किती पोरांच्या खिशातून खर्ऱ्याच्या पुड्या काढल्या होत्या हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, म्हणून त्यांना गंमत वाटली. सरही हसले. आत आले आणि तो हात त्यांनी खिशात घातला. त्यानंतर तो हात खिशाबाहेर असलेला मी फारसा पाहिला नाही.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी हात थोडा थांबला, पण पुढे पायांनी दगा दिला. चालता चालता पाय जमिनीला चिकटत. विशेषतः दारात. बैठकीतून स्वयंपाकघरात यायचं तर चौकटीशी येऊन ते उभे राहत, पाय उचलायला बघत, टाच वर यायची आणि चवडा तिथंच राहायचा. मन पुढे गेलेलं असे आणि देह चौकटीतच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं की जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय उठतो, पुष्कळांना उपयोग होतो. मी त्याच दिवशी रंगीत चिकटपट्टी आणली. सरांनी ती लावू दिली नाही. "घर हाये का मैदान हाये हे?" ते म्हणाले. ती पट्टी तशीच कपाटात राहिली.

आणि शिबिरही त्यांनी सोडलं. ते त्यांनी एका वाक्यात सोडलं आणि पुन्हा विषय काढू दिला नाही. त्यांच्याशिवायचं पहिलं वर्ष मी एकटीनं केलं. मुलांनी विचारलं की सर कुठे, तर मी सांगितलं की गावाला गेले. ते त्या वेळी घरी बैठकीत खिडकीचा पडदा ओढून बसले होते. संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांनी कुठली मुलं आली, कोणी काय केलं, काही विचारलं नाही. मला ते फार लागलं. ते विचारतील म्हणून गाडीतून येताना मी किती काय काय लक्षात ठेवलं होतं.

पुढच्या दिवाळीत त्यांच्याजवळ दिवसा थांबणाऱ्या बाई माहेरी गेल्या. मुलगा पुण्याला, त्याला सुट्टी नव्हती. त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं आणि मुलांचे पालक तर केव्हापासून फोन करत होते. मी म्हटलं, "तुमी चला माझ्याबरोबर."

"मी नाई येत."

"काहून नाई? झाडाखाली खुर्ची टाकते. बसून राहा."

"बसलो तरी हात दिसते," ते म्हणाले. त्यांचा आवाजही त्या आजारानं बारीक झाला होता, कान देऊन ऐकावं लागे. "अन् उठलो तर पाय दिसते. त्या पोट्ट्यायले चालनं शिकवलं मी. त्यायच्यापुढं असा फरफटत चालू?"

"पोट्टे काही नाई म्हनत."

"म्हनतीन," सर म्हणाले. "बिचारे सर म्हनतीन. दुसरं काई म्हना, थे नोका म्हनू."

ती भीती खोटी नव्हती. आमच्या नात्यातली, शाळेतली माणसं भेटायला येत आणि चहा घेताना नेमका तोच शब्द उच्चारत, तोही त्यांच्यासमोर, जणू त्यांना ऐकूच येत नाही. प्रत्येक वेळी सर थोडे आणखी आत जात. मी रागारागानं कपबशा उचलायची.

शेवटी दुसरा इलाज नव्हता म्हणून ते आले. पण अटी घालून आले. खुर्ची रिंगणापासून दूर, दुसऱ्या कडुलिंबाखाली ठेवायची. अंगावर शाल असू द्यायची, ऊन असलं तरी. मुलांना ते कोण हे सांगायचं नाही. आणि त्यांना लघवीला जायचं झालं तर त्यांनी हात वर करायचा आणि मी जाऊन त्यांना बागेच्या कडेला न्यायचं. आम्ही आधी पोचलो, मुलांची गाडी अजून यायची होती, म्हणून त्यांना कोणी चालताना पाहिलं नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं, डावा हात शालीखाली घातला आणि माझ्या कामाला लागले.

सकाळ नेहमीसारखी गेली. मुलांनी मुंग्यांच्या रांगेमागून रांगून पाहिलं, कोळ्याचे पाय मोजताना भांडण केलं, संत्र्याच्या झाडावर फुलपाखराच्या अळ्या शोधल्या. दूर शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे कोणाचं लक्ष नव्हतं; त्या वर्षी बहुतेक मुलं नवी होती, त्यांना सर माहीत नव्हते. मी अधूनमधून बघत होते. सर आमच्याकडेच बघत होते, पण त्या आजारानं चेहऱ्यावर काही उमटत नाही. स्नायू ताठ होतात. आनंद झाला काय आणि त्रास झाला काय, बाहेरून एकच.

जेवणं झाल्यावर फक्कीचं रिंगण आखलं आणि खेळ सुरू झाला. एकीनं खार केली, ती सगळ्यांनी ओळखली. एकानं उंट केला, तो त्यालाच ओळखता आला नाही. मग दोघांचा बैल करायची वेळ आली. यात एक मूल पुढचे दोन पाय होतं, दुसरं त्याची कंबर धरून मागचे दोन पाय. मागचं कोणालाच व्हायचं नसतं. दोन मुलांची त्यावरून जुंपली, एकानं दुसऱ्याची टोपी संत्र्याच्या बागेत भिरकावली, आणि मी त्या दोघांना घेऊन टोपी शोधायला झाडांत शिरले.

तेवढ्यात सरांनी हात वर केला असणार. तो मला दिसला नाही.

मी बागेतून बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती, शाल खाली पडली होती आणि सर रिंगणाच्या मधोमध उभे होते. बागेच्या कडेला जायचा सरळ रस्ता रिंगणातून होता. ते आपल्या आपण उठले होते, छोटी छोटी पावलं टाकत रेषा ओलांडून आत आले होते, आणि तिथं त्यांचे पाय जमिनीला चिकटले होते. गुडघ्यांत वाकलेले, मान पुढे, डावा हात उघडा. अंगठा बोटावर घासत होता. उजवा पाय पुढे जायला बघत होता, टाच उठत होती, परत टेकत होती. सगळं अंग त्या पायाबरोबर पुढेमागे डुलत होतं.

मुलं चिडीचूप बसली होती. एकही हसत नव्हतं. जो रिंगणात शिरला तो प्राणी, हे त्यांना सकाळीच सांगितलं होतं.

मी धावलेच. पण रेषेशी पोचले तशी कडेला बसलेल्या मुलीनं माझा पदर ओढला आणि ओठांवर बोट ठेवलं. रागावून ठेवलं. मी सरांकडे पाहिलं. ते मला बघत होते. त्यांना मी यायला हवी होते की नको, ते त्या चेहऱ्यावरून मला कळेना. मी रेषेबाहेर उभी राहिले. आता कोणीतरी तो शब्द उच्चारणार, मी मनात म्हणत होते. आता कोणीतरी म्हणणार.

सरांचा पाय थांबला. लगेच मुलांचे हात वर झाले.

"बगळा," एक मुलगा म्हणाला.

"बगळा असा हलत नाही. अस्वल."

"अस्वल झुलतं, पण ते एवढं हळू नसतं."

मग त्या माझा पदर ओढणाऱ्या मुलीनं हात वर केला. हिवरखेडकडून मामाकडे आलेली होती, सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. ती हात वर करूनच उभी राहिली आणि जवळजवळ ओरडली, "घोयरा! थो घोयरा हाये!"

घोयरा म्हणजे तो हिरवा, डोळे वेगवेगळ्या बाजूंना गरागरा फिरवणारा सरडा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला कुंपणावर दिसतो. फांदीवर चालताना तो पाय पुढे नेतो, मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो आणि सगळं अंग डोलवतो. शहरातल्या मुलांनी तो बहुधा पाहिलेला नसतो. खेड्यात पुष्कळ लोक त्याला विषारी समजून दगड घालतात. तो कोणाला काही करत नाही.

मुलं वाट बघत होती. मीही वाट बघत होते, आणि इतकी वाट मी कधी कशाची पाहिली असेन असं मला वाटत नाही. मग सरांचे ओठ हलले.

"बरोबर," सर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की मुलं पुढे झुकली, पण रेषा कोणी ओलांडली नाही.

"कसं ओळखलं?" सरांनी तिला विचारलं.

"तुमी पाय टाकू का नको, टाकू का नको करून राह्यले ना," ती म्हणाली. "अन् हात. आमच्या कुपाटीवर रायते थो. मी रोज पाहातो त्याले."

"मंग सांगा, थो असा काहून चालते?"

कोणी म्हणालं त्याला भीती वाटते. कोणी म्हणालं त्याला थंडी वाजते. एकजण म्हणाला तो म्हातारा असेल. सरांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं, पूर्वी घेत तसं.

"वाऱ्यानं पान हालते," ते म्हणाले. "थोही हालते. पाहनाऱ्याले वाटते पानच हाये. लपून राह्यते थो."

"पण तुम्ही तर आम्हाला दिसलात," अंगात क्लासचा टीशर्ट घातलेला एक मुलगा म्हणाला.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "मले लपता नाई आलं."

मी दुसरीकडे पाहिलं. संत्र्याच्या झाडांकडे, कुठेही. मला रडू आलं आणि ते मुलांना दिसू द्यायचं नव्हतं.

मग सरांनी मान वळवली आणि मला म्हणाले, "मॅडम, फक्की द्या त्यायले." मी डबा मुलांच्या हातात दिला. "माह्यापुढं आडव्या रेघा मारा," त्यांनी सांगितलं. "थ्या फांद्या हायेत. घोयरा ह्या फांदीवरून त्या फांदीवर जाते." दोन मुली वाकून त्यांच्यापुढे आडव्या रेघा मारत गेल्या, थेट रिंगणाच्या कडेपर्यंत. सरांनी पहिल्या रेघेकडे पाहिलं. त्यांचा पाय उठला, रेघेवरून गेला आणि पलीकडे टेकला. मग दुसरा. घरात मी चिकटपट्टी घेऊन त्यांच्या मागे लागले होते, तेव्हा जे झालं नाही ते तिथं झालं. एकेक फांदी ओलांडत ते रिंगणाबाहेर आले. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना बागेच्या कडेला घेऊन गेले. मला पहिलं काय सुचलं तर त्यांची पँट कोरडी आहे का ते. ती कोरडी होती.

आम्ही परत आलो तर सगळं पडीत घोयऱ्यांनी भरलं होतं. मुलं गुडघ्यात वाकली होती, माना पुढे काढल्या होत्या, पाय पुढे नेत होती, मागे घेत होती, डोलत होती. आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत होता. एवढे सगळे हात, आणि सगळे माझ्या नवऱ्याचे. मला संताप आला. खरं सांगायचं तर ओरडून ते सगळं बंद करावं असंच मला वाटलं. मी तोंडही उघडलं असतं, पण सरांनी माझ्या हातातून आपला दंड सोडवला आणि खुर्चीत बसून म्हणाले, "त्या लाल फ्रॉकवालीले सांगा, घाई करून राह्यली."

मी जाऊन सांगितलं.

गाडीतून येताना त्यांचा चेहरा तसाच, कोरा. मी मनात नाही नाही ते आणत होते. आपण त्यांना चारचौघांत उघडं पाडलं, ते आता अन्न टाकतील, माझ्याशी बोलणार नाहीत, असंच सगळं. घराच्या दारात ते नेहमीसारखे अडकले. मी दंड धरून थांबले.

"फक्की उरली का?" त्यांनी विचारलं.

"उरली."

"टाका मंग उंबऱ्यापाशी." आणि रेघ ओलांडून आत आल्यावर म्हणाले, "उद्या किती वाजता निघाचं?"

त्यानंतर शिबिराचा एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. शाल घरी राहिली. पुढच्या वर्षी ते चाकाच्या खुर्चीतून आले आणि त्या खुर्चीवरून रिंगणाबाहेर बसून मुलांच्या चुका काढत राहिले, जे काम खरं तर माझं होतं. हिवरखेडची मुलगी दर दिवाळीला मामाकडे यायची आणि आली की आधी घोयऱ्याची खबर सांगायची, कुंपणावर आहे की नाही, कोणी मारला तर नाही. तिच्या गल्लीतली मुलं आता दगड घालत नाहीत, असं तिनं एकदा सरांना सांगितलं. सरांनी तिला हात दाखवला, डावाच. तो त्या वेळी जोरात हलत होता. तिनं तो हात दोन्ही हातांनी धरून ठेवला.

नंतर त्यांना बसताही येईना. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते गेले, घरीच. हात त्याच्या आधीच थांबला होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं बोलली, शाळेतल्या आठवणी निघाल्या, आणि तो जुना शब्द पुन्हा पुष्कळदा वापरला गेला. बिचाऱ्यांनी फार भोगलं, असं. मी हात जोडून बसले होते. आता त्यांना ऐकू येत नव्हतं, पण मला येत होतं.

यंदा शिबिर घेऊ नये असं माझ्या मनात होतं. मुलगा म्हणाला, आता पुण्यालाच या. घर एवढं शांत झालं आहे की उंबऱ्यापाशी फक्कीची पुसट रेघ दिसली तरी दचकायला होतं, आणि ती रेघ मी पुसतही नाही. पण दिवाळी जवळ आली आणि पालकांचे फोन सुरू झाले, आणि नाही म्हणायला मला कारण सापडेना. मी गेले.

यंदाची बरीच मुलं नवी होती, सरांना कधी न पाहिलेली. हिवरखेडची मुलगी आली होती, आता उंच झालेली, फक्कीचा डबा तिच्याच हातात. दुपारी रिंगण आखलं. एक लहानशी मुलगी, पहिलीतली असेल, आत शिरली. तिला कोणी शिकवलं असेल ते मला विचारायची गरज नव्हती. ती गुडघ्यात वाकली, मान पुढे काढली, पाय पुढे नेला, मागे घेतला, डोलली. आणि तिचा डावा अंगठा पहिल्या बोटावर घासू लागला.

घोयऱ्याची बोटं सांडशीसारखी असतात, दोन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. ती फांदी धरतात आणि सोडतात. अंगठा बोटावर घासणारा घोयरा या जगात नाही. चाल चुकली होती, साफ चुकली होती. सवयीनं माझे पाय रेषेकडे वळले. मी कडेला जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडलं. मुलगी थांबली. तिनं वर माझ्याकडे पाहिलं, हात तसाच हलता ठेवून.

"मॅडम, चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे. हळू चाल."